गोदाक्काचं डबकं

मोबाईलला बटणं असायची, त्या पुराणकाळातली गोष्ट. झिपऱ्या माकडाने जंगलात व्हिडिओ गेमची टपरी टाकली. खेळ त्यानेच बनवलेला: फांद्यांवरून उड्या मारत शेंड्यावरच्या राक्षसाला गाठून मारायचं, चुकलात की थेट खालच्या चिखलात. आपल्याला मजा येते म्हणजे जगाला येते, हा माकडांचा जुना समज. बाकीचे पहिल्याच उडीला चिखलात पडले आणि चिडून घरी गेले. टपरी बंद पडायची वेळ आली.

उरली गोदा म्हैस. तीही पडद्यावरच्या चिखलात पडली, पण बाहेर येईना.

"गोदाक्का, वर चढा की."

"तूच चढ. मला बघूनच गार वाटतंय."

झिपऱ्याने डोकं खाजवलं आणि खेळातलं चिखलाचं डबकं मोठं केलं. दुसऱ्या दिवशी म्हशी, डुकरं, बेडूक, सगळ्यांची रांग लागली.

"अहो, पण राक्षसाला मारणार कोण?" झिपऱ्या रडकुंडीला आला.

"मारतोस कशाला?" गोदाक्का म्हणाली. "उन्हात उभा आहे बिचारा. त्यालाही खाली बोलाव."