कठड्यापलीकडची जोखीम

"आणि माल जहाजाच्या कठड्यापलीकडे गेला, की मग?" बाबांनी विचारलं.

"मग जोखीम खरेदीदाराची."

"विकणाऱ्याची नाही?"

"नाही. एफओबी म्हणजे तेच. माल जहाजावर चढेपर्यंत विकणारा जबाबदार. चढला की त्याचे हात मोकळे."

"आणि तुझे?"

जयवंत तांडेल हसला. "माझे आधीपासूनच मोकळे असतात, बाबा. मी फक्त कागद करतो."

बाबा समोरच्या खाडीकडे बघत राहिले.

ते दोघे बसले होते तो लहानसा दर्गा खाडीच्या तोंडाशी एका उंचवट्यावर होता. पलीकडच्या तीराला बंदराच्या निळ्या क्रेन दिसायच्या. दाऊद बाबा परकार दर्ग्याची झाडलोट करत आणि ओट्यावर बसून राहत. त्याआधी छत्तीस वर्षं ते जहाजांवर होते, शेवटची बरीच वर्षं सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख. लोक त्यांच्याकडे ताईत मागायला येत. ते ताईत देत नसत. चहा देत आणि ऐकून घेत.

जयवंत बंदरातला क्लिअरिंग एजंट. निर्यातीचा माल जहाजावर जाण्याआधी कस्टमसमोर त्याची सगळी कागदपत्रं मांडायची, हे त्याचं काम. एकोणीस वर्षांत त्याच्या एकाही शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टमसाठी भरायच्या निर्यातीच्या कागदावर, शेरा आला नव्हता. आठवड्यातून तीन दिवस तो नव्या मुलांना हा धंदा शिकवायचा. परदेशी व्यापारातल्या तीनशेवर शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत सांगणारी एक पुस्तिका त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. कोणताही शब्द टाका, जयवंत त्याचा अर्थ, तो कुठून आला आणि त्यात कुणाची मान अडकते, हे एका दमात सांगायचा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही तो करत नसे.

पाच वर्षं तो दर गुरुवारी बाबांकडे येत होता. स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवायचा. बाबांनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

आज मंगळवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. तू आज कसा, हे बाबांनी विचारलं नाही, आणि त्यामुळेच जयवंतला जास्त अवघड झालं. तो आपणहून शब्दांवर शब्द सांगत सुटला होता. विमा कुणी उतरवायचा, माल बंदरात पडून राहिला तर दंड कुणी भरायचा, वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकला तर ते नुकसान सगळ्यांनी मिळून कसं सोसायचं. बाबा ऐकत होते.

"कंटेनरच्या आत काय आहे, ते कोण बघतं?" बाबांनी मध्येच विचारलं.

"बहुतेक वेळा कुणीच नाही. माल भरणारा भरतो, सील लावतो, आत काय आहे ते सांगतो. जहाज कंपनी कागदावर लिहिते, सेड टू कंटेन."

"म्हणजे?"

"म्हणजे आत अमुक आहे, असं आम्हाला सांगण्यात आलंय. आम्ही पाहिलेलं नाही. मी पुस्तिकेत त्याला एकच शब्द लिहिलाय. म्हणे. आत भांडी आहेत म्हणे. मुलं फार हसतात त्या पानावर."

बाबा हसले नाहीत.

जयवंतने कपाळावरचा घाम पुसला. मग ज्यासाठी तो आला होता, ते बाहेर पडलं.

त्या सकाळी तो गोदामाच्या आवारात एका कंटेनरच्या सीलचा फोटो काढायला गेला होता. गिऱ्हाईक जुनं, कोकणातले शेट्ये म्हणून एक निर्यातदार. माल, नारळाच्या करवंटीची शोभेची भांडी. जाणार आखातातल्या एका बंदराला. वाकताना तोल जाऊ नये म्हणून जयवंतने कंटेनरच्या पत्र्याला हात टेकला. पत्रा कोमट होता. कंटेनर पहाटेपासून शेडच्या सावलीत उभा होता. शेजारच्या कंटेनरला हात लावून पाहिला, तर तो गार होता. दरवाजाच्या रबराखाली बारीक काळी पूड सांडलेली होती.

त्याला कळायचं ते कळलं. करवंटीच्या कोळशाला त्या बाजूला फार मागणी. पण कोळसा आतल्या आत तापतो, कुणी काडी न लावता पेटतो. म्हणून तो धोकादायक माल म्हणून जाहीर करावा लागतो, मग जहाज कंपन्या शंभर अटी घालतात. भांडी म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

त्याने शेट्येंना फोन केला होता. ते म्हणाले, तांडेल, तुमच्या फायलीत माझ्या सहीचं पत्र आहे ना, त्यात काय लिहिलंय ते वाचा. याआधीचे दोन असेच गेले, पोचले. आणि त्यांनी फोन ठेवला.

"मग तू काय केलंस?"

"हात रुमालाला पुसला. कंटेनर बंदरात गेला." जयवंत थांबला. "आत भांडीच आहेत, असं शेट्येंनी लिहून दिलेलं पत्र आहे माझ्याकडे, बाबा. कायद्याने माझ्यावर काही येत नाही. मी तीनदा तपासलं."

"जहाजावर माणसं किती?"

जहाजाचं नाव, फेरीचा क्रमांक, टन, सुटायची वेळ, सगळं त्याला पाठ होतं.

"माणसं बिलावर लिहीत नाहीत," तो शेवटी म्हणाला.



मग बाबांनी सांगायला सुरुवात केली. पाच वर्षांत त्यांनी समुद्राचं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या जहाजावर एकदा कापसाचे गठ्ठे होते. गठ्ठे ओले भरले होते. चौथ्या दिवशी भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, अनवाणी डेकवरून चालला आणि म्हणाला, इथला पत्रा गरम लागतो. पाचव्या दिवशी वास आला, गोडसर, भाजलेल्या भुईमुगासारखा. किनारा तीन दिवस लांब होता. पायाखाली आग आहे हे सगळ्यांना माहीत, आणि तिच्यावरच जेवायचं, तिच्यावरच झोपायचं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आवाज ऐकून ती जागी होईल, असं वाटायचं.

सहाव्या दिवशी कप्तानाने ठरवलं, डेकखालचा मालाचा खण बंद करायचा आणि आत गॅस सोडायचा. आग गुदमरते. माणूसही गुदमरतो.

"मला विचारलं, सारंग, सगळे वर आले? मी जिन्याशी उभ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, आले. मी कप्तानाला सांगितलं..." बाबा थांबले. "आलेत म्हणे, असं सांगितलं मी. मोजले नाहीत."

पलीकडच्या तीरावर क्रेनचा भोंगा वाजला. जयवंत दचकला.

"कोण राहिला होता?" त्याने विचारलं.

"इस्माईल. दाभोळचा. झाकण ठोकत होता आतून. आम्हाला वाटलं, गठ्ठे फुटतायत."

तरी जयवंतचं मन जागा सोडेना. दोन कंटेनर नीट पोचले होते. कंटेनर आदल्या दिवशी कुठे उन्हात उभा असेल. पूड आधीच्या कुठल्या मालाची असेल. उघडला आणि भांडीच निघाली, तर सगळं बंदर हसेल, शेट्ये दावा लावतील. हे सगळं तो बाबांना समजावून सांगू लागला आणि शेवटी म्हणाला, "आणि एकदा माल चढला, की खरोखरच जोखीम खरेदीदाराची, बाबा. हे मी मनचं सांगत नाही."

बाबा उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या काखेत वळकटी होती आणि पायात वहाणा.

"जहाज कधी सुटतं?"

"साडेसहाच्या भरतीला. का?"

"मला चढव त्याच्यावर. तुझी ओळख आहे. फार वर्षं झाली, दर्या पाहिला नाही."

जयवंतला आधी ती थट्टा वाटली. पण म्हातारा खरंच पायऱ्या उतरू लागला. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर जयवंतने धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"नको, बाबा."

"का?"

"बाबा, त्या जहाजावर जाऊ नका."

"का नको? जोखीम तर खरेदीदाराची आहे."

जयवंतने मनगट सोडलं नाही.

"मला सांगितलंस, तेवढंच तिकडे सांग," बाबा म्हणाले.

दर्ग्यावर फोनला रेंज नव्हती. जयवंत खालच्या रस्त्यापर्यंत पळत गेला आणि फोन लावला. जहाज कंपनीच्या माणसाने वैतागून विचारलं की चढवायचं काम सुरू झालंय, आता कसलं थांबवताय, आत काय आहे ते तुम्ही पाहिलंय का. जयवंतने तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की पाठ केलेल्या तीनशे शब्दांतला एकही इथे चालणार नाही.

"पाहिलं नाही," तो म्हणाला. "हात लावलाय. आत कोळसा आहे आणि तो तापलाय. मी भरलेला कागद खोटा आहे. तसं लिहून देतो."

मग तो माणूस म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे काय, हे जयवंतला विचारायचं होतं, पण फोन बंद झाला होता. खाडीला वळसा घालून बंदरात पोचायला स्कूटरवर पाऊण तास लागला. गेटपासून त्याला क्रेन दिसत होती. एकसारखे तांबडे कंटेनर एकामागून एक हवेत उचलले जात होते, कठड्यावरून पलीकडे जात होते आणि खाली उतरत होते. तो डोळे ताणून त्यांच्यावरचे आकडे वाचत होता. उन्हात आकडे दिसत नव्हते. प्रत्येक कंटेनर त्याला तोच वाटत होता. जहाजाच्या मागच्या बाजूला एक खलाशी दोरीवर बनियन वाळत घालत होता. जयवंतने त्याच्याकडे पाहिलं आणि नंतर पाहवेना.

साडेपाचला एक अधिकारी गेटवर आला आणि म्हणाला, तुमचा बाजूला काढलाय. चढवायचा पुढचा नंबर त्याचाच होता.

मोकळ्या जागेत कंटेनर ठेवून अग्निशमन दलाची गाडी आली. सील तोडलं, दरवाजे उघडले. आत भांडी होती. करवंटीची, पॉलिश केलेली, कागदात गुंडाळलेली, छतापर्यंत रचलेली. कुणीतरी हसलं. जयवंत खालीच बसला. एकोणीस वर्षं अशी एका दुपारी गेली, असं त्याला वाटलं. आणि लाज वाटायला हवी तिथे त्याला जरा सुटल्यासारखं झालं, हे त्याने पुढे बाबांनाही सांगितलं.

मग एका जवानाने पुढच्या दोन रांगा उतरवल्या आणि मागे हात घातला. हात त्याने झटकन बाहेर काढला. मागे गोण्या होत्या. बाहेरची हवा आत शिरली तसा गोण्यांच्या मधून धूर निघाला, आधी दोऱ्यासारखा, मग जाड. एक गोणी आतून लाल झाली. सगळे मागे पळाले.

विझवायला चार तास लागले. जहाज तोवर सुटलं होतं. त्यावरच्या कुणाला काही कळलं नसावं.

कस्टमने चौकशी लावली. शेट्येंना बोलावलं, जयवंतलाही. कागदावर सही त्याची होती, आणि सकाळी हात लावूनही तो दुपारपर्यंत गप्प होता, हे त्याने स्वतः लिहून दिलं होतं. त्याचा परवाना चौकशी संपेपर्यंत थांबवला. शिकवणीच्या संस्थेने कळवलं, तूर्त येऊ नका. बायकोने काही विचारलं नाही, पण दोन रात्री ती दिवा मालवू देत नव्हती, कारण तो झोपेत भिंतींना हात लावून बघत होता.

पुढच्या गुरुवारी तो दर्ग्यावर गेला. बाबा ओटा झाडत होते. त्याने झालेलं सगळं सांगितलं. बाबा झाडता झाडता ऐकत होते. चांगलं केलंस असं ते म्हणतील, म्हणून तो थांबला. ते म्हणाले नाहीत.

"बावीस होते," जयवंत म्हणाला. "जहाजावर. मी विचारून आलो. एक जण अठरा वर्षांचा. पहिलीच फेरी."

बाबांचा हात थांबला.

"पण बाबा, माझं काहीतरी बिघडलंय. रस्त्याने कंटेनर गेला की मी थांबून बघत राहतो. या डब्यात काय असेल, त्यात काय असेल. परवाना परत मिळाला तरी मी सही कशी करणार? पेन धरवत नाही. आधी असं नव्हतं. आधी मला कसलीच भीती नव्हती." "तुम्ही कुणाला ताईत देत नाही, माहीत आहे. मला एक द्या. ही भीती जाईल असं काहीतरी करा."

बाबांनी केरसुणी भिंतीला टेकवली. ते त्याच्याशेजारी ओट्यावर बसले.

"त्या दिवसापासून," ते म्हणाले, "ती जाऊ नये म्हणूनच मी तुझ्यासाठी दुआ मागतोय."