रात्रपाळीचं ऊन

आमच्या मालामागे किती कार्बन सुटतो हे युरोपला कळवायच्या फॉर्मवर ‘भट्टी पूर्णपणे सोलरवर’ असं वाचलं आणि मी पेन खाली ठेवलं. खोटं सापडलं, तर आमच्या फाउंड्रीची जर्मनीची ऑर्डर जाणार होती. मालक इंगवलेसाहेब म्हणाले, “सही कर गं पोरी. तिकडच्यांना इथलं काय कळतंय?”

मी चाचरत म्हटलं, “करते, साहेब. पण आपण स्वस्त विजेसाठी भट्टी रात्रपाळीलाच लावतो, हेही याच फॉर्मवर लिहिलंय. आपल्या शिरोलीत रात्री ऊन पडतं, असं तुमच्या सहीचं एक पत्र जोडाल का?”

शेजारी उभे असलेले सुपरवायझर हसू दाबत खिडकीकडे वळले. साहेबांनी फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, “लाव त्यांना फोन. खरा आकडा सांगून सुधारायला मुदत मागू.”

तीनदा नुसतीच रिंग वाजली. चौथ्यांदा जर्मनीतून कुणीतरी म्हणालं, “हॅलो?”