गोजराची गाठ

आपल्या पणज्यांनीसुद्धा ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती, इतकी ती जुनी. तेव्हा कान्हेतरच्या नदीवर पूल नव्हता. होती ती एक सांगड, म्हणजे वाळलेले पोकळ भोपळे जाळ्यात आवळून वर बाज बांधलेली. बाजेवर बसायचं, आणि भोयाने पोहत पोहत ती पलीकडे ढकलत न्यायची. भोई म्हातारा होऊन वारला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून सांगड त्याच्या मुलीकडे आली. तिचं नाव गोजरा.

गोजरा पाण्यात उतरली की मासेसुद्धा बाजूला सरकून वाट देत, असं म्हणतात. मला विचाराल तर माशांचं मला ठाऊक नाही. पण माणसं नक्की वाट देत, कारण तिच्या जिभेला धार होती आणि ती कोणाची भीडभाड ठेवत नसे.

त्या गावचे देशमुख होते हैबतराव. गाव त्यांना आबासाहेब म्हणायचं. ते ओसरीवर खाकरले की वेशीवरचा माणूस सावरून बसायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा सुभानराव. उंचापुरा, देखणा, स्वभावाने गरीब. वडिलांपुढे मात्र त्याची बोबडी वळायची. देशमुखांची थोडी शेती नदीपलीकडे होती, तिच्यावर देखरेख करायला तो सांगडीतून जाऊ-येऊ लागला.

आता पुढचं काय सांगायचं, तुम्ही शहाणे आहात. त्या शेतावर इतकी देखरेख आजवर कोणत्याच देशमुखाने केली नसेल. कधी उपरणं पलीकडे विसरायचं, कधी विळा, आणि ते आणायला पुन्हा सांगड. एकदा तर तो स्वतःचा जोडा विसरून आला, तेव्हा गोजरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "धाकलं धनी, आता फकस्त डोकं तेवढं इसरायचं ऱ्हायलंय." सुभान हसला, ती हसली, आणि त्या दिवसापासून दोघांचा जीव एकमेकांवर जडला. त्याने तिला शब्द दिला, "लग्न करीन तर तुझ्याशी."

नदीकाठी बोललेलं गावात पोचायला काय वेळ लागतो? आबासाहेबांच्या कानावर गेलं. ते ओरडले नाहीत, मारायला धावले नाहीत. नदीपलीकडच्या हिवऱ्याच्या देशमुखांची मुलगी चिमाबाई सांगून आली होती, तिचा नारळ त्यांनी घेतला आणि लग्न ठरवलं. मुहूर्त धरला आषाढातला शेवटचा, कारण एकादशी झाली की चातुर्मास लागतो आणि मग थेट तुळशीच्या लग्नापर्यंत कोणाचंच लग्न होत नाही. सुभान खाली मान घालून उभा राहिला.

गोजराला ही बातमी सांगडीत बसलेल्या बायकांकडून कळली. त्याच संध्याकाळी सुभान काठावर आला.

"आबासाहेबांपुढे माझं तोंड उघडत नाही गं," तो म्हणाला.

"मग त्ये काय निस्त्या भाकरी खायला दिलंय व्हय?" गोजरा म्हणाली. "जावा. मी न्हाई रडायची." आणि तो पाठमोरा झाल्यावर ती खूप रडली. इतकी की त्या रात्री काठावरचं पाणी खारट लागलं, असं म्हणतात.

लग्नाचा दिवस उजाडला, आणि वरच्या डोंगरात कुठेतरी ढग फुटला. कान्हेतरात थेंब नाही, पण नदी मात्र दोन्ही थड्या भरून लाल झाली. पलीकडे हिवऱ्याचा मांडव दिसतोय, वऱ्हाडी वाट पाहतायत, मधे हे पाणी. दुसरा कोणी असता तर लग्न पुढे ढकललं असतं. पण आबासाहेबांनी शब्द दिला होता आणि त्यांच्या घरात दिलेला शब्द फिरवायची रीत नव्हती. त्यांनी गोजराला बोलावणं पाठवलं.

वऱ्हाडात कुजबुज झाली. या पोरीच्या हाती नवरामुलगा द्यायचा? आबासाहेब म्हणाले, "माझा मुलगा माझ्यापुढे मान वर करत नाही. तो काय करणार आहे?"

गोजरा आली. पुराच्या पाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती, तरी रीतच होती म्हणून तिने ती मोठ्याने सांगितली. पुरात एका वेळी एकच माणूस न्यायचा. डोक्यावर काही ठेवायचं नाही. त्याचं उपरणं भोयाच्या वस्त्राला गाठ मारून बांधायचं, म्हणजे बुडाले तर दोघं, तरले तर दोघं. आणि ती गाठ पलीकडे कोरड्या जमिनीवर पाय टेकल्यावर ज्याची त्यानेच तोंडाने "सोड" म्हणून सोडवून घ्यायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, नाहीतर नदी माणूस मागून घेते.

"बाशिंग उतरणार नाही," आबासाहेब म्हणाले. "लग्न लागल्याशिवाय उतरलेलं मी ऐकलं नाही."

"ऱ्हाऊ द्या," गोजरा म्हणाली.

तिने आपला पदर पुढे केला. सुभानच्या उपरण्याशी गाठ मारली. आबासाहेबांनी स्वतः वाकून ती ओढून पाहिली. "अजून घट्ट मार. सुटली तर तुझी गय नाही." मग तिने अजून घट्ट मारली.

पुरात सांगड पलीकडे पोचली की नदीची ओटी भरायची रीत होती. म्हणून सगळं वऱ्हाड हळदीकुंकवाचे तांदूळ मुठीत घेऊन काठावर उभं राहिलं. जोशीबुवा मुहूर्त चुकू नये म्हणून पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडून तिथेच बसले होते. तळाला भोक असलेली ती वाटी हळूहळू भरते, आणि बुडाली की घटका भरली. सांगड निघाली.

बरोबर मधे गेली आणि थांबली. एवढा पूर, झाडं मुळासकट वाहून नेणारा, पण सांगडीभोवतीचं पाणी जागच्या जागी उभं राहिलं, असं म्हणतात. गोजरा पुढे ढकलतेय, सांगड हलत नाही. दोन्ही काठांवरची माणसं श्वास धरून पाहतायत. आणि नेमकं तेव्हाच घंगाळात वाटी बुडाली.

जोशीबुवांचा जन्म लग्नं लावण्यात गेला होता. वाटी बुडालेली पाहिली आणि काही विचार करायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शुभमंगल सावधान!"

वाजंत्रीवाल्यांचा जन्म तो शब्द ऐकण्यात गेला होता. त्यांनी ताशावर काडी मारली, सनई उठली. आणि ताशा वाजल्यावर हातातले तांदूळ हातात ठेवणारा वऱ्हाडी अजून जन्माला यायचाय! सगळ्यांनी मुठी उधळल्या. पलीकडच्या काठावर ताशा ऐकू गेला, तर तिथल्यांनीही अक्षता टाकल्या. वारा सुटला, आणि त्या वाऱ्याने दोन्हीकडचे तांदूळ उचलून नदीच्या मध्यावर दोघांच्या डोक्यावर आणून टाकले. मग पाणी हललं आणि सांगड पुढे गेली.

काठावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. जोशीबुवा घामाघूम झाले. आबासाहेब म्हणाले, "हे काय केलंत?"

"आबासाहेब," जोशीबुवा चाचरत म्हणाले, "डोक्याला बाशिंग आहे, वस्त्रांची गाठ आहे, घटका भरली, अक्षता पडल्या. आता मी राहिलंय काय म्हणून सांगू?"

पलीकडे सुभानचे पाय जमिनीला टेकले. गोजरा धापा टाकत उभी होती. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोचलात. आता म्हना सोड."

अलीकडून आबासाहेब ओरडले, "सुभान! सोड म्हण! म्हण आधी!" नदीच्या आवाजावरून तो आवाज पलीकडे पोचला.

सुभानने गाठीकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं. मग त्याने मान वर केली आणि नदीपल्याड ऐकू जाईल असा ओरडला, "नाही म्हणत, आबासाहेब!"

गोजराने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

पण काठावर माणूस उभा असेल तर त्याला मागे ठेवून भोई घरी जात नाही. दोघं गाठीसकट पाण्यात उतरले आणि सांगड घेऊन परत आले. आबासाहेब हाताच्या मुठी वळून उभे होते. पण हिवऱ्याच्या माणसांना दिलेला शब्द मोडला होता, तिथे जाऊन तोंड दाखवणं भाग होतं, आणि जायला दुसरी वाट नव्हती.

गोजरा म्हणाली, "यायचं आसंल तर या, आबासाहेब. पागोटं तेवढं काढा."

त्या डोक्यावरून पागोटं उतरलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. आबासाहेबांनी ते उतरवलं, जोशीबुवांच्या हातात दिलं आणि आपलं उपरणं पुढे केलं. गोजराने तेही पदराला बांधलं. ते बाजेवर बसले, सुभान गोजराच्या जोडीने पाण्यातच राहिला. मध्यावर एक मोठा ओंडका अंगावर आला, तेव्हा गोजराने सांगडीला खांदा दिला आणि तिच्या जोडीने ज्याला धड पोहता येत नव्हतं त्या सुभाननेही दिला. आबासाहेबांनी डोळे मिटून बाज घट्ट धरली होती. ते डोळे त्यांनी पलीकडे पोचल्यावरच उघडले.

"म्हना," गोजरा म्हणाली.

आबासाहेबांनी तिच्या पदराकडे पाहिलं. एकाच पदराला दोन गाठी होत्या, एक त्यांची आणि एक मुलाची. तिच्या खांद्यावर ओंडक्याचा ओरखडा उठून रक्त आलं होतं, तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

"माझी सोड, सूनबाई," ते म्हणाले. "त्याची राहू दे."

मग ते बोडक्या डोक्याने हिवऱ्याच्या देशमुखांपुढे गेले आणि हात जोडले. तिथे काय भडका उडाला असता देव जाणे. पण मांडवातून चिमाबाईने असा काही सुटकेचा नि:श्वास टाकला की दारचं तोरण हललं, असं म्हणतात. तिला त्या नदीची लहानपणापासून भीती वाटायची, आणि सासर नदीपलीकडचं म्हणून ती आठवडाभर जेवली नव्हती. मुलगी हसतेय म्हटल्यावर बापाचा राग कुठवर टिकणार? चिमाबाईने आपल्या हातातला हिरवा चुडा काढून गोजराच्या हातात भरला. रांधलेलं अन्न वाया घालवायचं कशाला म्हणून दोन्ही गावं एका पंगतीला बसली, आणि आबासाहेबांनी गोजराच्या हातचं वाढून घेतलं. चिमाबाईचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर तिच्याच काठच्या एका गावात झालं आणि तिचं चांगलं झालं.

गोजरा देशमुखीण झाली, तरी पूर आला की कासोटा घालून पाण्यात उतरायचीच.

आता नदीवर पूल आहे. पण कान्हेतरच्या लग्नात मुलाचा बाप अजून पुलाच्या अलीकडे फेटा उतरवतो आणि बोडक्यानेच व्याह्यांना भेटायला जातो. आणि लग्न लागलं की उपरण्याची गाठ कोणी सोडत नाही. मुलाला विचारतात, "सोडायची का?" त्याने "नाही" म्हणायचं, तेही साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं. एखादा लाजून पुटपुटला तर बायका त्याला सोडत नाहीत. म्हणतात, "गोजराला नाही रे ऐकू गेलं, पुन्हा म्हण." आणि तो पुन्हा म्हणतो.