दोरीचं दुसरं टोक

"पण माही दोरी मावशीसोबतच काहून बांधता जी?" हंसराजनं विचारलं.

भंते धम्मसार विटांवर पाणी शिंपडत होते.

वैनगंगेच्या काठी, गावाबाहेरच्या विहारामागं मोकळी जागा होती. भिक्खूचं चीवर घेण्याआधी भंते गवंडी होते. हाताला काम नसलेल्या माणसांना ते तिथं बांधकाम शिकवायचे. फुकट. विटा जुन्या, सिमेंटच्या जागी चिखल. सकाळी भिंत उभी राहायची, संध्याकाळी उतरायची. दुसऱ्या दिवशी त्याच विटा पुन्हा.

हंसराज कामाला होता तो कागद कारखाना बंद पडला होता. घरी तान्ही मुलगी. हात मात्र चपळ. थोड्याच दिवसांत त्याची वीट सरळ बसू लागली, आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मावशी, म्हणजे कौतिकाबाई, असायच्या. सारा जन्म विड्या वळल्या. आता ते काम गावातून उठलं. उतारवयात त्यांनी थापी हातात धरली होती. वीट ठेवायच्या, काढायच्या, पुन्हा ठेवायच्या.

दोघांच्या मधे दोरी ताणलेली. तिच्या रेषेत थर पुरा झाला की दोन्ही टोकांनी ती एकदमच वर चढवायची. कौतिकाबाईंचा थर होईस्तोवर हंसराजनं थापी घेऊन बसून राहायचं.

आज दुपारी ठेकेदार गिऱ्हेपुंजे येणार होता. त्याला माणूस हवा होता.

"त्यानं अर्धी भिंत पाहिली तर मले काय काम देईल?" हंसराज म्हणाला. "मले वेगळी भिंत द्या."

"एकट्याची?"

"एकट्याची."

भंतेंनी दोन्हीकडच्या गाठी सोडल्या. दोरी गुंडाळून त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे. तुही."

कौतिकाबाईंना राग आला नाही. "बरं झालं बापू," त्या म्हणाल्या. "माह्यापायी तुहा खोळंबा होते."

हंसराजनं झाडाच्या सावलीत नवी भिंत धरली. पहिला थर झरझर बसला.

मग दोरी चढवायची वेळ आली. त्यानं एक टोक विटेला गुंडाळलं, धावत दुसरीकडे गेला, ओढलं. ओल्या चिखलावरची वीट घसरली. परत आला, वीट दाबून बसवली, पुन्हा गेला, पुन्हा ओढलं...

दोरी झोळीसारखी लोंबत राहिली.

ऊन चढलं. त्यानं एकदा भंतेंकडे पाहिलं. भंते पाणी शिंपडत होते.

कोणीतरी पलीकडे येऊन बसलं. कौतिकाबाई. त्यांनी दोरीचं टोक उचललं, विटेच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.

"ओढ," त्या म्हणाल्या.

हंसराजनं ओढलं. दोरी ताठ झाली.

"तुमची भिंत राहिली ना मावशी."

"राहू दे. तिले कुठं जायचं आहे?"

पुढच्या थराला त्यानं हाक मारली नाही. त्या आल्या. त्याच्या पुढच्यालाही आल्या.

दुपारपर्यंत हंसराजची भिंत कमरेला लागली. कौतिकाबाईंची घोट्याएवढीच होती.

ठेकेदार आला. त्यानं ओळंबा सोडून पाहिला, एक डोळा मिटून भिंतीवरून नजर फिरवली.

"चांगली आहे. कोणाची?"

हंसराजनं कौतिकाबाईंकडे पाहिलं.

"आमची," तो म्हणाला.

"आमची म्हणजे?"

"माही अन् या मावशीची."

ठेकेदारानं कौतिकाबाईंच्या अर्धवट भिंतीकडे पाहिलं. त्याचं बोलणं वाईट नव्हतं, सरळ होतं. "बाईचा हात अजून बसला नाही. मले आज एकच माणूस पाहिजे. पोरा, उद्या सकाळी ये."

तो फाटकाशी जाऊन भंतेंच्या होकाराची वाट पाहत उभा राहिला.

ज्या कामासाठी हंसराज इतके दिवस आला, ते समोर उभं होतं. तो भंतेंजवळ गेला.

"मी नाही जात जी."

"काहून?"

"मावशी मागं राहते ना..."

हे मात्र कौतिकाबाईंना खपलं नाही. "माह्या नावानं घरी बसशील तर पोरीले काय चारशील?" पदरानं त्याच्या खांद्यावरचा चिखल झाडत त्या म्हणाल्या. "जाय मुकाट्यानं. मी शिकल्याशिवाय इथून उठत नाही. आज ना उद्या येईनच तुह्या मागून."

त्या आपल्या भिंतीकडे वळल्या. एक वीट ठेवली. काढली.

हंसराज तिकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि भंतेंच्या पायाशी डोकं टेकवलं.

भंतेंनी त्याची थापी बादलीत बुडवली. चिखल धुतला, पातं बोटांनी पुसलं, आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरली.

"इथं तुम्ही होते, मावशी होती," हंसराज म्हणाला. "तिकडे माहं कोण आहे जी?"

भंते हसले.

"जाय. तिकडेही दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हळू असंल."