येसूचा वाटा

फार वर्षांमागची गोष्ट. आंबेडोह गावात राणबा लोहार राहायचा. त्याच्या विळ्याला वर्षभर धार लावावी लागत नसे, असं म्हणतात. सगळी किमया होती पाणी देण्यात. लालबुंद लोखंड नेमकं कधी पाण्यात बुडवायचं, ते त्यालाच ठाऊक. ती वेळ आली की भाता ओढणाऱ्या लेकीलाही तो बाहेर काढायचा आणि दार लावून घ्यायचा.

लेक एकुलती एक, येसू. ती म्हणायची, "बा, मला बी शिकीव की."

"तू उद्या नांदायला जाशील. इद्या बी संगं जाईल," राणबा म्हणायचा.

येसूला नदीपल्याड एका लोहाराच्या घरी दिली. नवरा कष्टाळू, पण त्याचे विळे पहिल्याच कापणीला वाकायचे. गिऱ्हाईक तुटलं, चूल थंडावली. येसूनं निरोप धाडला, "बा, पाण्याचं तेवढं सांगून जा." राणबा गेलाच नाही. जावयाचा हात बसला तर आपली गिऱ्हाइकं तिकडं जातील, ही त्याला धास्ती. माणूस वाईट नव्हता हो, पण हट्टाला पेटला होता.

सुगी सरली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. तो पोचला तर येसूची राख सावडून झाली होती. उपासानं खंगलेली पोर तापानं गेली. शेवटपर्यंत ती एकटीच लोखंड तापवून पाणी देऊन बघत होती, तिचे दोन्ही तळवे पोळले होते, असं जावई म्हणाला.

घरी येऊन त्यानं भट्टी पेटवली. पण लोखंड पाण्यात गेलं की चर्र आवाज येईना, हुंदका यायचा. असं म्हणतात, की तो साऱ्या गावानं ऐकला. विळे मेणासारखे वाकू लागले. मग राणबानं दार उखडून भट्टीत घातलं आणि रडत रडत ओरडला, "शिकायचं असंल त्यांनी या! पोरींनी आदी या!" पहिली आली धनगराची गोदा. तिच्या हातून विळा पाण्यात गेला आणि चर्र झालं.

राणबा मरेपर्यंत शिकवत राहिला. दुरून आलेल्यांना जेवू घालायला गाव खळ्यावरून धान्य देऊ लागलं. आजही रास झाली की आंबेडोहातलं प्रत्येक घर एक पायली बाजूला काढतं. ते धान्य विकून दरवर्षी कुणाला तरी आयटीआयची फी, हत्यारं, शहरातली खोली मिळते. वेल्डिंग असो, सुतारकाम असो, वायरमनचं काम असो. आधी पोरींना विचारतात.

गाव या धान्याला राणबाचं नाव देणार होतं. मरताना त्यानंच ते नको म्हटलं, लेकीचं द्या म्हणाला. म्हणून तो येसूचा वाटा. आजवर कितीजणांना मिळाला, फक्त तिलाच मिळाला नाही.