कडू घास

"...मग यातलं खरं कारण कोणतं, बाबा?"

प्राध्यापक यशोधन राजाध्यक्षांचा आवाज बसला होता. शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या हेकातो नावाच्या नागालँडच्या मुलाला एका टोळक्याने ठेचून मारलं. त्याचा चेहरा त्यांना परका वाटला, एवढंच. तेव्हापासून प्राध्यापक रोज टीव्हीवर भांडत होते. काल त्या मुलाला मूठमाती दिली. आज पुन्हा चर्चा होती.

मठात हरिगिरबाबा भाकरी थापत होते.

"कोणी म्हणतं बेकारी. कोणी म्हणतं मोबाइल. कोणी म्हणतं पोरांची डोकी फिरली, उगाच वंशद्वेष म्हणू नका. मी म्हणतो, द्वेष शिकवला जातो. पण खरं सांगू? मलाच माझ्या बोलण्याचा वीट आलाय."

"हं..."

"तुम्ही एक वाक्य द्या. आज तेवढंच बोलतो."

बाबांनी भाकरी उलटली.

"त्या पोराची बहीण इथंच हाय म्हणं. कुठं राहती?"

"आमच्याच गल्लीत. अगदी समोर."

"कडू घास कुणी नेला?"

मरणाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी नेतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. हे प्राध्यापकांना कोणी सांगायला नको होतं. त्यांचे वडील गेले तेव्हा याच गल्लीने त्यांना भरवलं होतं.

"त्यांच्यात पद्धत असते की नाही, माहीत नव्हतं," ते म्हणाले. "शिवाय त्यांचं खाणं वेगळं. आपल्यासारखी माणसं नव्हेत ती, म्हटलं उगाच..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले.

"रोज तिच्या दारावरून स्टुडिओत जातो, बाबा."

बाबांनी हात धुतले. भाकरी फडक्यात बांधली, वर पिठल्याचा डबा ठेवला आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते गरम होतं.

"पण चर्चेची वेळ झाली. सगळे कारण विचारतील. काय सांगू?"

बाबा पुन्हा चुलीकडे वळले.

"आधी ती दार उघडती का बघ."