सुई टोचण्याआधी सांगायचं ते

"मग सुई टोचायचं माझं ठिकाण कुठलं चुकलं, भन्ते?"

सुगतनं पुन्हा तेच विचारलं. भन्ते खाटेवरची चादर झटकत होते. झटकतच राहिले.

विहाराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती. म्हातारे भन्ते तरुणपणी परदेशातल्या एका मठात राहून सुया टोचण्याचं शास्त्र शिकून आले होते. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून सुया त्यांचा शिष्य सुगत टोचायचा. पोरगा हुशार, यात वाद नाही. अंगावरचं कुठलंही ठिकाण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि हे त्याला स्वतःला फार पक्कं ठाऊक होतं, तेवढंच जरा जास्त होतं.

बाहेर ओसरीवर पंचफुलाबाई कण्हत होत्या. त्यांच्या पोटात गाठ होती. शहरातल्या दवाखान्यानं दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि घरी न्यायला सांगितलं. तेव्हापासून मुलगा धनपाल त्यांना इथं घेऊन यायचा.

"मनगटाचं बरोबर होतं," सुगत म्हणाला. "पायाचं बरोबर होतं. सुरुवातीला तर त्यांना झोपही लागली. मग आज एवढं का दुखतंय?"

"गोळ्या घेते का ती?"

"झोप तर लागली होती, भन्ते."

"गोळ्या, सुगत."

"बंद केल्यात म्हणे."

"कोणी सांगितलं तिला?"

"मी बंद करा म्हणालो नाही, भन्ते."

"घ्या म्हणालास?"

या खोलीची एक रीत होती. नवा माणूस आला की सुईला हात लावण्याआधी त्याच्याजवळ बसायचं आणि त्याला सगळं सांगायचं. सुई केसासारखी बारीक असते, मुंगी चावल्यासारखं वाटेल. मग तिथं जड वाटेल, झिणझिण्या येतील, घाबरू नका. उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते. सुया अंगात असेपर्यंत हलू नका. कुणाला लवकर बरं वाटतं, कुणाला उशिरा, कुणाला वाटतच नाही. डॉक्टरांची औषधं सोडू नका. आणि शेवटी, सुईनं काय होणार नाही, तेही सांगायचं.

सुगत मुंगी सांगायचा, झिणझिण्या सांगायचा, उपाशी येऊ नका म्हणायचा. पुढचं त्यानं हळूहळू गाळून टाकलं होतं. पुढचं ऐकताना लोकांचा चेहरा पडतो, आणि तो त्याला बघवत नसे. त्या जागी तो आपलं स्वतःचं एक वाक्य घालायचा.

"तिला काय सांगितलंस?"

"बऱ्या व्हाल, म्हणालो."

भन्तेंनी चादर अंथरली.

"भन्ते, माणसाला आशा नको का द्यायला?"

भन्ते बाहेर गेले. धनपालकडून गोळी मागून घेतली, डॉक्टरांनी लिहून दिली होती तेवढीच. पंचफुलाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन ती त्यांना भरवली. मग दोघांनी त्यांना उचलून आत खाटेवर आणलं.

गोळी लागू पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ सुगतला तिथंच बसून ते कण्हणं ऐकावं लागलं. मला विचाराल तर बरंच झालं.

कण्हणं जरा उतरलं तेव्हा भन्ते म्हणाले, "नवीन बाई आलीय. सांग तिला."

"भन्ते, या तर आधीपासून..."

"सांग."

सुगत खाली बसला. "मावशी, सुई केसासारखी बारीक असते. मुंगी चावल्यासारखं वाटेल. मग झिणझिण्या..."

"हे तं ठाव हाय मले, बाबू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पुढचं सांग."

"डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, मावशी."

"पन तू तं बरी होशीन म्हनला. मंग म्हनलं, कायले खायाच्या गोया?"

"मी खोटं बोललो."

दारात उभा असलेला धनपाल पुढे आला. भन्तेंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

"सुईनं मळमळ कमी होईल," सुगत म्हणाला. "दुखणं थोडं उतरेल. झोप लागेल, कदाचित. गाठ जाणार नाही."

"म्हंजे मी मरनार."

सुगतनं भन्तेंकडे पाहिलं. भन्ते भिंतीकडे पाहत होते.

"हो, मावशी."

धनपाल तोंडावर हात दाबून बाहेर निघून गेला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पंचफुलाबाई रडल्या. मोठ्यानं नाही, तेवढा जीवच उरला नव्हता. सुगतला वाटलं, उठून पळून जावं. तो उठला नाही.

मग पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "लेक भांडून गेली माही. तिचा फोन आलता. मी म्हनलं, आता नोको येऊ, बरी झाली का मीच येतो तुह्या घरी. तू म्हनला होता ना बरी होशीन... म्हून. धनपालले सांग, तिले आजच बलाव म्हना. माही वाट पाह्यत बशीन थे."

"सांगतो, मावशी."

"अन् टोच आता. झोप लागीन म्हनला ना, कदाचित? तेवढी दे."

सुगतनं सुईचं पाकीट फाडलं. सुई बाहेर काढली. मनगटावरचं ठिकाण बोटानं शोधलं, ते लगेच सापडलं. सुई जवळ नेली... आणि मागे घेतली. पुन्हा नेली. पुन्हा मागे.

"भन्ते, आज तुम्ही टोचा," तो हळूच म्हणाला. "मला आता स्वतःची खात्री वाटत नाही."

भन्ते खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी पंचफुलाबाईंचं मनगट आपल्या ओंजळीत घेतलं आणि सुगतपुढे धरलं.

"मग आता टोच."